घरच्या संगणकाचे संरक्षण : पैसे मोजावेत की नाही?

तालुक्याच्या गावी राहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक डोळ्यांसमोर आणावेत. मुलाने काही वर्षांपूर्वी घेऊन दिलेला लॅपटॉप त्यांच्या घरी आहे. निवृत्तिवेतनाचे खाते ते त्यावर पाहतात, विजेचे देयक त्यावरून भरतात, जमिनीचे उतारे, विम्याची कागदपत्रे आणि नातवंडांची छायाचित्रे त्यातच जपून ठेवतात. एके सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उमटते : ‘आपल्या संरक्षणाची मुदत संपली आहे. त्वरित नूतनीकरण करा.’ पैसे भरावेत, तर ते नेमके कशाबद्दल हे उमगत नाही. न भरावेत, तर आयुष्याची पुंजी उघड्यावर पडेल अशी धास्ती वाटते.

हा प्रश्न आज अनेक मराठी घरांत उभा आहे. रक्कम काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असते व ती दरवर्षी भरावी लागते. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला ती अगदीच नगण्य नव्हे. तथापि निर्णय चुकल्यास होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असू शकते. म्हणून भीतीपोटी पैसे भरणे किंवा कंटाळून चौकट बंद करणे, या दोन्ही टोकांना न जाता या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

विषाणूची पूर्वपीठिका

संगणकातील विषाणू म्हणजे काही सजीव वस्तू नव्हे. ती माणसानेच लिहिलेली एक आज्ञावली असते. मालकाच्या नकळत संगणकात शिरणे, स्वतःच्या प्रती काढणे आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरणे हा तिचा गुणधर्म होय. व्यक्तिगत संगणकावरील पहिला प्रसिद्ध विषाणू ‘ब्रेन’ या नावाने ओळखला जातो. लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी तो १९८६ मध्ये तयार केला. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात ठाण मांडून बसे आणि हातोहाती फिरणाऱ्या फ्लॉप्यांबरोबर देशोदेशी पोहोचला.

त्या काळी संगणकाची संचालन प्रणाली, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार चालविणारे मूळ सॉफ्टवेअर, विषाणूपासून जवळजवळ असंरक्षित असे. साहजिकच विषाणू ओळखून काढून टाकणारे वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातून जगभर एक नवा उद्योग उदयास आला. महाराष्ट्राचा त्यातील वाटा लक्षणीय आहे. पुण्यात यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायापासून आरंभ करणाऱ्या कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हे विषाणुरोधक सॉफ्टवेअर विकसित केले व पुढे त्या कंपनीचे समभाग २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदविले गेले. हा उल्लेख कोणत्याही उत्पादनाची शिफारस म्हणून नव्हे. विषाणुरोधक सॉफ्टवेअर विकत घेण्याची सवय आपल्याकडे का रुजली, हे त्यावरून समजावे एवढ्याचसाठी केला आहे.

बदललेली परिस्थिती

गेल्या दीड दशकात या चित्रात मूलभूत बदल झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ मध्ये घरगुती वापरासाठी विनामूल्य विषाणुरोधक उपलब्ध करून दिले. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तर हे संरक्षण संचालन प्रणालीतच अंतर्भूत झाले. विंडोज १० आणि विंडोज ११ मध्ये ते ‘डिफेंडर’ या नावाने असते व दुसरे विषाणुरोधक बसविलेले नसल्यास आपोआप काम करते. ॲपल कंपनीच्या संगणकांतही २००९ पासून ‘एक्सप्रोटेक्ट’ नावाची अंगभूत व्यवस्था आहे.

याचा अर्थ असा की, आजचा नवा संगणक घरी येतो तेव्हा त्याच्या दाराला कुलूप बसविलेलेच असते. पुष्कळदा मात्र विक्रेता किंवा निर्माता त्यात आणखी एक विषाणुरोधक महिना-दोन महिन्यांच्या मुदतीचे घालून देतो. ते आले की अंगभूत संरक्षक बाजूला सरतो. मुदत संपली की लाल चौकट दिसू लागते आणि आपले घर उघडे पडले, असा ग्राहकाचा समज होतो. वस्तुतः मुदत संपलेले ते सॉफ्टवेअर रीतसर काढून टाकल्यास अंगभूत संरक्षक पुन्हा कामाला लागतो. आमच्या शिक्षक महोदयांची निम्मी चिंता येथेच दूर व्हावी.

संरक्षक काम कसे करतो?

विषाणुरोधक सॉफ्टवेअरची कार्यपद्धती ढोबळमानाने तीन प्रकारची असते. पहिली पद्धत ओळखचिन्हांची. पोलीस ठाण्यात जशी सराईत गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची नोंद असते, तशी ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी संरक्षकाजवळ असते. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो या यादीशी ताडून पाहतो. यादी रोज अद्ययावत झाली नाही, तर नवा गुन्हेगार सहज निसटतो. दुसरी पद्धत वर्तन पारखण्याची. एखादी अनोळखी आज्ञावली अल्पावधीत शेकडो फाइलींची रूपे बदलू लागली, तर यादीत नाव नसले तरी तिला अडविले जाते. तिसऱ्या पद्धतीत संशयास्पद फाइलची माहिती आंतरजालावरून कंपनीच्या केंद्राकडे पाठवून तेथून निर्णय मागविला जातो.

या तिन्ही पद्धती एकत्र वापरूनही संपूर्ण हमी कोणीच देऊ शकत नाही. अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच तर्कशुद्ध रीतीने दाखवून दिले की, सर्व विषाणू अचूकपणे ओळखील अशी एकच सर्वसमावेशक रीत अस्तित्वात असू शकत नाही. तेव्हा ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशी जाहिरात दिसल्यास तिच्याकडे सावधपणे पाहावे.

संरक्षकांची परीक्षा घेणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या त्यांपैकी दोन होत. गेल्या काही वर्षांतील चाचण्यांत विंडोजच्या अंगभूत संरक्षकाने नामांकित सशुल्क उत्पादनांच्या बरोबरीचे गुण वारंवार मिळविले आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आंतरजालाची जोड नसताना काही संरक्षकांची पकड सैल पडते आणि अंगभूत संरक्षक त्याला अपवाद नाही. जेथे जोडणी तुटक आहे आणि पेनड्राइव्ह या संगणकातून त्या संगणकात सतत फिरतात, अशा ठिकाणी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

संकट नेमके कोणत्या दाराने येते?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. संगणकातील फाइली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी तो तीनशे डॉलरची खंडणी मागत असे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले व रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्च रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, त्यांच्या संगणकांत त्याला या वाटेने शिरता आले नाही. बाधितांपैकी बहुसंख्य संगणकांवर ही दुरुस्ती बसविलेली नव्हती.

या घटनेतून पहिला धडा मिळतो तो असा की, संचालन प्रणालीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी स्वीकारणे हे विषाणुरोधक विकत घेण्याहून अधिक मोलाचे आहे. संगणक बंद करताना दिसणारी ‘अपडेट’ची सूचना पुढे ढकलत राहणे म्हणजे घराचे मोडलेले कवाड तसेच ठेवून रखवालदार शोधण्यासारखे आहे.

दुसरा धडा अधिक कटू आहे. आज सामान्य नागरिकाचे पैसे पुष्कळदा विषाणूमुळे जात नाहीत. ते संभाषणातून जातात. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी विचारतो. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून कोणी ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालतो. संगणक बिघडल्याचे सांगून कोणी दुरून तो हाताळण्याची परवानगी मागतो. अशी परवानगी देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. घरमालकाने स्वतः दार उघडून आत घेतलेल्या पाहुण्यास सर्वांत महागडा संरक्षकही सहसा अडवीत नाही. फसव्या संकेतस्थळांची सूचना तो देऊ शकेल, परंतु दूरध्वनीवरील मधुर वाणीपुढे त्याचा इलाज चालत नाही.

पैसे दिल्याने अधिक काय मिळते?

सशुल्क सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष वरील विवेचनावरून काढू नये. पैसे मोजणाऱ्यास साधारणतः पुढील सोयी मिळतात : एकाच वर्गणीत घरातील अनेक संगणकांचे व मोबाइलचे संरक्षण, मुलांनी कोणती संकेतस्थळे पाहावीत व किती वेळ पाहावीत यावर नियंत्रण, पेनड्राइव्ह जोडताच त्याची तपासणी, खंडणीखोर विषाणूंविरुद्ध जादा तटबंदी, पासवर्ड जपून ठेवण्याची व्यवस्था, आणि अडचण आल्यास दूरध्वनीवरून मदत. या शेवटच्या सोयीचे मोल संगणकाची फारशी सवय नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना विशेष असते.

तथापि यांपैकी बऱ्याच गोष्टी अन्यत्र विनामूल्य मिळतात. मुलांवरील नियंत्रणाची सोय विंडोजमध्येच आहे. पासवर्ड जपण्याची व्यवस्था बहुतेक ब्राउझरांत असते. निवडक फोल्डरांत अनोळखी आज्ञावलीस हात घालू न देणारी सोयही विंडोजमध्ये आहे. ती मात्र मूळात बंद असते व आपण होऊन चालू करावी लागते. म्हणून जाहिरातीतील सोयींची लांबलचक यादी पाहून भुलून न जाता, त्यांतील कोणत्या सोयी आपण प्रत्यक्ष वापरणार आहोत, हे आधी ठरवावे.

फुकटाचेही मोल असते

विनामूल्य मिळणारे कोणतेही विषाणुरोधक डोळे झाकून घ्यावे, असेही नाही. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरद्वारे जमविलेली ग्राहकांच्या आंतरजाल-वापराची माहिती एका उपकंपनीमार्फत इतरांस विकल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास लावले. ज्याने घर राखायचे, त्यानेच घरातील गोष्टी बाहेर सांगाव्यात, असा हा प्रकार होता. संरक्षक सॉफ्टवेअर संगणकातील प्रत्येक फाइल पाहू शकते. म्हणून त्याची निवड विश्वासाच्या आधारे करावी लागते.

ते संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करते, हेही विसरू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. ते सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांसाठीचे होते, घरगुती नव्हे. परंतु संरक्षकाच्या हाती केवढी सत्ता असते, हे त्यावरून दिसून येते. याच कारणाने एका संगणकात दोन विषाणुरोधके एकाच वेळी चालवू नयेत. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत. ती परस्परांवरच संशय घेतात आणि यंत्र मंदावते.

निर्णय कसा घ्यावा?

सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येणार नाही. तरी चार प्रकारच्या घरांचा विचार केल्यास वाट पुष्कळशी स्पष्ट होते.

पहिले घर : संगणकावर चालू असलेली आणि दुरुस्त्या मिळणारी संचालन प्रणाली आहे, सॉफ्टवेअर अधिकृत आहे, वापरणारी माणसे एक-दोनच असून ती सावध आहेत. अशा घरास अंगभूत संरक्षण सामान्यतः पुरेसे आहे. वेगळे पैसे मोजण्याची निकड नाही.

दुसरे घर : एकच संगणक मुले, पाहुणे व शेजारी वापरतात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा महाविद्यालयात फिरून आलेले पेनड्राइव्ह त्यास सतत जोडले जातात, आंतरजालाची जोडणी तुटक आहे. येथे चांगल्या सशुल्क सॉफ्टवेअरचा उपयोग होऊ शकतो, विशेषतः एकाच वर्गणीत अनेक साधने येत असतील तर.

तिसरे घर : व्यवसायाचे काम घरच्याच संगणकावर चालते. कर-सल्लागार, वकील, डॉक्टर किंवा पतसंस्थेचे लेखनिक यांच्या संगणकात इतरांची माहिती असते. येथे नुकसान केवळ स्वतःचे होत नाही. अशांनी संरक्षणावरील खर्च व्यवसायाचा आवश्यक खर्च समजावा.

चौथे घर : संगणक जुना असून त्याच्या संचालन प्रणालीस दुरुस्त्या मिळणे थांबले आहे. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांपैकी नोंदणी करणाऱ्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची सोय जाहीर करण्यात आली होती. येथे विषाणुरोधकावर केलेला खर्च म्हणजे ओल आलेल्या भिंतीस रंग देण्यासारखा आहे. तोच पैसा नवी संचालन प्रणाली किंवा नवा संगणक घेण्यासाठी राखून ठेवावा आणि तोवर बँकेचे व्यवहार त्या यंत्रावरून करू नयेत.

विनामूल्य, तरीही सर्वांत मोलाचे

पैसे द्या वा न द्या, पुढील पाच गोष्टी प्रत्येक घरात झाल्याच पाहिजेत.

१. संचालन प्रणाली व ब्राउझर यांचे अद्ययावतीकरण आपोआप होईल असे ठेवावे.

२. विंडोजमधील ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडून संरक्षण चालू असल्याची महिन्यातून एकदा खात्री करावी. तेथे हिरवी खूण असावी.

३. बँक, ईमेल व अन्य महत्त्वाच्या खात्यांना निरनिराळे पासवर्ड ठेवून दुहेरी पडताळणी चालू करावी. ओटीपी कोणासही सांगू नये.

४. चोरून नक्कल केलेले सॉफ्टवेअर कधीही बसवू नये. ‘क्रॅक’ म्हणून मिळणाऱ्या फाइलींतून विषाणू येतो आणि त्या बसविण्यासाठी पुष्कळदा संरक्षक बंद करण्यास सांगितले जाते. म्हणजे विषाणूचे स्वागत आपणच करतो.

५. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावी आणि काम संपताच ती हार्डडिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली हार्डडिस्क खंडणीखोर विषाणूच्याही हाती सापडते.

या पाचव्या गोष्टीवर विशेष भर द्यावासा वाटतो. संरक्षक चोरास रोखण्याचा प्रयत्न करतो. वेगळी ठेवलेली प्रत मात्र चोरी झाल्यावरही आपली पुंजी परत मिळवून देते. यंत्र बिघडले, हरवले किंवा पावसात भिजले, तरीही ती उपयोगी पडते. सशुल्क सॉफ्टवेअरच्या दोन-तीन वर्षांच्या वर्गणीत साधारणतः एक हार्डडिस्क येऊ शकते. हाती एकाच खर्चापुरते पैसे असतील, तर ते आधी येथे खर्चावेत.

खरेदी करताना

सॉफ्टवेअर घ्यावयाचे ठरल्यास काही पथ्ये पाळावीत. स्वतंत्र संस्थांच्या अलीकडील चाचण्यांतील गुण पाहावेत. पहिल्या वर्षाची किंमत सवलतीची व पुढील वर्षांची दुप्पट, असे अनेकदा असते. म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच विचारावा. आपोआप नूतनीकरणास संमती दिली असल्यास, रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना मिळावयास हवी. ती वाचून नको असल्यास संमती मागे घ्यावी. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा माहितीच्या दुकानातूनच खरेदी करावी. ‘आपल्या संगणकात विषाणू सापडले आहेत, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी सूचना ब्राउझरच्या पानावर दिसल्यास ती फसवणूकच समजावी व ते पान बंद करावे.

शासनानेही या कामी साहाय्य उपलब्ध केले आहे. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेमार्फत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक निर्धोक करणारी साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत रोखून धरण्याची शक्यता अधिक असते.

आता आपण पुन्हा आपल्या शिक्षक महोदयांकडे वळू. लॅपटॉप एकटे तेच वापरतात, त्यावर विंडोज ११ आहे, सॉफ्टवेअर अधिकृत आहे. त्यांचे घर पहिल्या प्रकारात मोडते. मुदत संपलेले सॉफ्टवेअर त्यांनी काढून टाकावे, हिरवी खूण पाहून घ्यावी, वाचलेल्या पैशांत भर घालून एक हार्डडिस्क आणावी आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उतारे, विम्याची कागदपत्रे व छायाचित्रे तीवर उतरवून घ्यावीत. उद्या त्यांनी गावातील मुलांना घरी बोलावून संगणक शिकवावयास आरंभ केला, तर परिस्थिती बदलेल आणि सशुल्क संरक्षणाचा विचार त्यांना नव्याने करावा लागेल.

आपल्या घरात काय जपावयाचे आहे आणि संकट कोणत्या वाटेने येण्याचा संभव आहे, हे आधी ठरवावे. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा. या क्रमाने विचार करणाऱ्या नागरिकास लाल चौकटीची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.